उशाकडची भिंत

आक्काला राग यायचा तो उशिरा, पण एकदा आला की बिऱ्हाड थाटूनच बसायचा. या खेपेला तर तो वर्षभर मुक्कामाला होता आणि जायचं नाव काढत नव्हता. का काढावं? तुम्हीच ऐका आणि तुम्हीच सांगा.

आक्काचं लग्न झालं नव्हतं. कुणी विचारलंच तर "वेळच मिळाला नाही बाई" म्हणून ती विषय मिटवायची. दिवसभर पुस्तकबांधणीच्या कारखान्यात पुठ्ठे चिकटवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आईचं बघायचं, हे तिचं आयुष्य. घरात धाकटा भाऊ होता. डोक्यावरचे निम्मे केस गेले तरी आक्काच्या तोंडी तो बाळ्याच. आणि बाळ्याची बायको. ही भावजय आक्काला 'वन्सं, वन्सं' करायची ती इतक्या गोड आवाजात, की ऐकणाऱ्याला वाटावं, काय बाई माया!

आईनं अंथरूण धरलं आणि खालची वर्दळ तिला सोसेना. तेव्हा बाळ्याच म्हणाला, "आक्का, वरची अडगळीची खोली तू तुझ्या हातानं नीट कर. आईला तिथे ठेवू. पुढेमागे ती खोली तुझीच." भावजय शेजारी उभी होती. तीही म्हणाली, "म्हणजे काय, वन्संचीच!" आक्कानं ते कानात जपून ठेवलं.

मग आक्कानं पदरचं काही न घालता ती खोली उभी केली. त्यासाठी तिनं सगळी वस्ती पायाखाली घातली. जन्म गेला होता त्या वस्तीत, पण घर ते कारखाना हा एक रस्ता सोडला तर तिला काही ठाऊक नव्हतं. आता ती गल्ल्यांत शिरायला लागली. लाकडाच्या वखारीमागे फेकलेल्या फळ्या मिळाल्या, त्यांचं कपाट झालं. फरशीवाल्याच्या परसात फुटक्या फरश्यांचा ढीग होता, त्यातले तुकडे निवडून तिनं खिडकीची कड सजवली. शिंप्याकडच्या चिंध्यांचा पडदा झाला. दिव्याला टोपी केली ती कारखान्यातल्या पुठ्ठ्याची. जिथे जाईल तिथे माणसं ओळखीची होत गेली. वखारवाला तर तिला लांबून बघितलं की ओरडायचा, "या आक्का, आज काय पळवायचंय?"

राहिला भिंतीचा रंग. दुकानातला एकही रंग आईच्या डोळ्यांना सोसेना. पांढरा टोचायचा, पिवळ्यानं डोकं चढायचं. आई म्हणाली, "असा रंग दे, की बघितला तरी बघितल्यासारखा वाटू नये." घ्या आता! पण आक्का हरणारी नव्हती. तिनं चुना भिजवला, लॉन्ड्रीवाल्याकडून नीळ आणली, कुंभाराकडून पिवळी माती आणि बेकरीच्या धुराड्यातली चिमूटभर काजळी. कमीजास्त करत, कागदाच्या पट्टीवर ओढत, पट्टी वाळवत ती बसायची. चुन्याचा रंग महा लबाड असतो. ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की उडतो. म्हणून तो ओला असताना कधी जुळवायचा नाही. कागदावर वाळवायचा आणि मग बघायचं. लहानपणी मातीची खेळणी रंगवताना आक्कानं हे बाळ्यालाही शिकवलं होतं, कान पिरगाळून.

शेवटी जमला. पारवा म्हणावा तर पारवा, पण ढगाआड ऊन असावं तशी त्यात जराशी ऊब. आईनं बघितला आणि मान डोलावली. पुढे आईची वाचा गेली. मग ती उशाकडच्या भिंतीवरून बोट फिरवत पडून राहायची, तासन् तास. चुन्याचा रंग बोटाला लागतोच. आईची बोटं कायम पारवी असायची आणि भिंतीवर तिथे हळूहळू एक गुळगुळीत जागा झाली होती. आई गेली तेव्हा सगळं पुसलं, आंघोळ घातली, पण बोटं आक्कानं पुसली नाहीत.

आणि मग काय, गरज सरो, वैद्य मरो. आई जाऊन महिना-दोन महिने झाले असतील. भावजय जेवायला वाढता वाढता म्हणाली, "वन्सं, वरची खोली आता पाहुण्यांना भाड्यानं द्यावी म्हणतोय. बाहेरगावची माणसं दोन-चार दिवस राहायला येतात, अशी सजवलेली खोली त्यांना आवडते. तुम्हाला काय, एकट्या जिवाला कुठेही चालतं."

आक्कानं बाळ्याकडे बघितलं. बाळ्या ताटात बोटानं रेघा ओढत होता. तोंडात मूग गिळून. आक्कानं वाट बघितली. तो नुसता, "पाणी दे जरा," म्हणाला, आणि तेही बायकोला.

आक्का उठली, हात धुतले आणि आठवड्याच्या आत छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेऊन तिथे राहायला गेली. त्या खोलीला तिनं काही केलं नाही. कळकट भिंती, ढलपे निघालेले, तशाच ठेवल्या. कशाला करायचं? एकदा केलं तेवढं पुरे झालं.

एवढ्यावर थांबलं असतं तर आक्काही कदाचित गप्प बसली असती. पण आयत्या बिळावर नागोबा नुसता बसत नाही हो, फणा काढून मिरवतोही. एका रविवारी आक्का लॉन्ड्रीत चादर द्यायला गेली, तर समोरून भावजय येतेय आणि मागे पाच-सहा पाहुणे, गळ्यात कॅमेरे लटकवलेले. भावजय हात नाचवत सांगत होती, "ही आमच्या वस्तीतली माझी लाडकी जागा. इथली नीळ वापरून मी स्वतः खोलीचा रंग बनवला. पुढे वखार दाखवते, तिथेच मी कपाटाच्या फळ्या शोधल्या. घर सजवायचं तर माणसानं आपल्या गल्ल्या हिंडायला हव्यात, असं माझं मत आहे."

असं तिचं मत! जिनं जन्मात वखारीत पाऊल टाकलं नव्हतं तिचं! लॉन्ड्रीवाला इस्त्री हातात धरून भावजयीकडे बघत राहिला आणि मग आक्काकडे. भावजयीचीही नजर आक्कावर गेली. पण बाई वस्ताद. जराही न चपापता म्हणाली, "अय्या, वन्सं! या माझ्या नणंदबाई. यांनी पण मदत केली हं मला." पाहुण्यांनी हसून माना डोलावल्या.

 चादर तिथेच विसरून आक्का घरी आली आणि पायातल्या चपला काढायचं भान न राहून खाटेवर बसली. तिला खोली नको होती. म्हणजे हवी होती, पण ती गेली हे तिनं गिळलं होतं. आता तिला एकच हवं होतं, हिचं नाक कापलं जायला हवं. आणि तेही चारचौघांत, त्याच खोलीत, त्याच रंगानं.

इच्छा तोंडातून निघावी आणि दारात उभी राहावी, असं माणसाच्या नशिबात क्वचित होतं. आक्काच्या नशिबात झालं. एका पाहुण्यानं बॅग ओढताना उशाकडच्या भिंतीला चांगला हातभर ओरखडा काढला. भावजय रंगाच्या दुकानात गेली. दुकानदारानं तिला जवळचा म्हणून एक रंग दिला. तो लावला, तर ओरखड्याच्या जागी ढळढळीत निळं ठिगळ. त्यावर दुसऱ्या दुकानातला लावला, तो हिरवट निघाला. झाकायला जावं तेवढं उघडं पडायला लागलं. आईची गुळगुळीत जागा मात्र त्या ठिगळाच्या वीतभर खाली अजून शाबूत होती. आणि अशात घरसजावटीच्या एका मासिकाची बाई खोलीचे फोटो काढायला येणार असं ठरलं. भावजयीनं निम्म्या वस्तीला ते आधीच सांगून ठेवलं होतं.

हे सगळं सांगायला बाळ्या आला. वर्षभरात पहिल्यांदाच. छत्रीवाल्याच्या जिन्यावर धापा टाकत उभा राहिला आणि म्हणाला, "आक्का, तेवढं मिश्रण सांग ना. किती नीळ, किती माती. ती रडकुंडीला आलीय."

"सांगून जमतं का रे ते?" आक्का म्हणाली. आवाज कसा लोण्यासारखा. "मी स्वतः येते. घरचंच काम आहे."

बाळ्यानं तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. मग मान खाली घालून गेला.

फोटोंच्या आदल्या दिवशी दुपारी आक्का गेली. भावजयीनं पायरीवरच हात धरला, "वन्सं, तुम्ही आलात, माझा जीव भांड्यात पडला." खोलीत सगळं होतं तसंच होतं. कपाट, पडदा, दिव्याची टोपी. फक्त उशाशी आईचा तांब्या असायचा तिथे आता काचेच्या बाटलीत खोटी फुलं होती. आक्कानं तिकडे बघायचं टाळलं. तिनं बाळ्याला बादली धरायला लावली, चुना कालवला, नीळ टाकली, माती टाकली, काजळीची चिमूट टाकली. कुंचला बुडवून ती बादलीतला रंग भिंतीशेजारी धरून बघायची आणि पुन्हा ढवळायची.

"आणखी थोडा पांढरा करा ना," भावजय म्हणाली. "भिंत फिकी दिसतेय."

"तू म्हणशील तसं," आक्का म्हणाली आणि आणखी चुना ओतला.

शेवटी कुंचल्यावरचा ओला रंग आणि भिंतीवरचा वाळका रंग असे एक झाले, की भावजय टाळ्या पिटायला लागली. "डिट्टो! अगदी डिट्टो! वन्सं, तुमच्या हाताला तोड नाही!" आक्कानं ठिगळं झाकली. पण नुसती ठिगळं झाकून ती थांबली नाही. "इथेही जरा मळलंय," असं म्हणत तिनं चारी भिंतींवर जागोजागी हात मारला. कपाटाच्या वर, दाराजवळ, खिडकीखाली. एका जागेला मात्र कुंचला लागू दिला नाही, आईच्या बोटांच्या जागेला. ओल्यात सगळं एकजीव दिसत होतं. कागदाची पट्टी तिनं मागितली नाही, वाळवून पाहिलं नाही. बाळ्या बादली धरून उभा होता आणि त्याची नजर आक्काच्या रिकाम्या डाव्या हातावर होती. पण तोंड उघडेल तो बाळ्या कसला!

त्या दिवशी आक्का कितीतरी महिन्यांनी भूक लागून जेवली. जेवता जेवता एकटीच हसली.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तिला लॉन्ड्रीवाल्याकडून कळलं, आणि तिनं ते दोनदा सांगायला लावलं. मासिकाची बाई आली. आधी गल्ल्या फिरली. तर वखारवाला म्हणे, "कपाट? ते तर आक्कानं केलं." शिंपी म्हणे, "चिंध्या आक्का न्यायची." भावजय प्रत्येक ठिकाणी हसून हसून घामाघूम. मग दोघी वर खोलीत गेल्या, तर रात्रीत रंग वाळून चारी भिंतींवर पांढरेफटक डाग उठलेले, पालथा हात मारल्यासारखे. मासिकाच्या बाईनं कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. म्हणाली, "रंग तुम्हीच बनवलात ना? मग असं कसं झालं?"  बाई गेली. वस्तीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

"असं कसं झालं म्हणाली?" आक्कानं पुन्हा विचारलं.

"हो, असंच म्हणाली," लॉन्ड्रीवाला म्हणाला. आक्काचं काळीज गार झालं. खोटं कशाला सांगू, मलाही हे सांगताना बरं वाटतंय.

त्यानंतरच्या रविवारी बाळ्या आला. जिना चढून दारातच थांबला. खिशातून त्यानं घडी घातलेला हातरुमाल काढला, खाटेवर ठेवला आणि उलगडला. आत पोपडा होता भिंतीचा, पोस्टकार्डाएवढा. पारवा. एका कडेला गुळगुळीत.

आक्काला क्षणभर कळेचना. "हे काय?"

"तिनं माणूस बोलावून भिंती खरवडल्या. सगळ्या. आता पांढरा ऑइलपेंट आहे." बाळ्या भिंतीला टेकला. "मी कामावरून आलो तेव्हा खाली ढीग पडला होता. त्यातून एवढं हाताला लागलं. आईच्या उशाशी होतं ते."

 खरवडतील हे आक्काच्या डोक्यातच आलं नव्हतं. जे डागडुजी करून चालतं ते आक्कानं जन्मात कधी खरवडलं नव्हतं. तिला वाटलं होतं, भिंत विटेल, भावजय बोटं मोडेल, आणि आईची जागा तिथेच राहील. पांढऱ्या डागांच्या मधे का होईना, राहील. तिनं स्वतःच्या हातानं ती घालवली होती. ती तोंडावर हात घेऊन बसली आणि तिला रडूही येईना.

"तू मुद्दाम केलंस ना?" बाळ्यानं विचारलं.

"हो. मुद्दाम केलं."

"मला तेव्हाच कळलं होतं," बाळ्या म्हणाला. "तू पट्टी वाळवली नाहीस तेव्हाच. मी काही बोललो नाही, आक्का. म्हटलं, करू दे. तुझा हक्क होता." आणि तो जरासा हसला, शाबासकी मिळेल म्हणून थांबलेल्या पोरासारखा.

आक्कानं हात खाली घेतले. तिनं भावाकडे पाहिलं, नीट, पहिल्यांदाच पाहावं तसं. वर्षभर ती भावजयीला शिव्या मोजत होती. पण भावजय परक्या घरातून आलेली. आक्काला खोली देईन असा शब्द देणारा हा. ताटात रेघा ओढणारा हा. आणि बादली धरून, सगळं कळून, पुन्हा गप्प राहिलेला हाच.

"काही बोललो नाही म्हणतोस," आक्का म्हणाली.  "माझी खोली गेली तेव्हाही नाही बोललास. आता आईची भिंत गेली, तेव्हाही नाही बोललास. आणि वर उपकार सांगायला आलास? मेल्या, तुझ्या गप्प बसण्यानं माझं काय काय गेलं, माहितीये तुला?"

बाळ्याचं हसू विरलं. तो म्हणाला, "मग मी काय करू, सांग. सांगशील ते करतो."

आक्कानं पोपड्याकडे बघितलं. मग तिनं खाटेखालून जुनी बादली ओढली आणि त्याच्या पायाशी ठेवली.

"हा रंग बनव. याच्याशी जुळला पाहिजे. वाळल्यावर. मग या भिंतीला लाव."

"मी? अगं, मला कुठे जमतंय?"

"कान पिरगाळून शिकवलं होतं ना? आठव. आणि सामान माझ्याकडे नाही. जा, हिंड."

त्या दिवसापासून बाळ्याचे रविवार गेले. नीळ कुठे मिळते हे त्याला माहीत नव्हतं. कुंभाराची गल्ली घरामागेच होती, तरी तो दोनदा चुकला. काजळी मागितल्यावर बेकरीवाल्यानं त्याला वेड्यात काढलं, आणि मग "आक्काचा भाऊ का तू?" म्हणून आत नेऊन धुराडं दाखवलं, बसवून चहा पाजला. वखारवाल्यानं सांगितलं, आक्का एका फळीसाठी कशी पावसात उभी राहिली होती. शिंप्यानं सांगितलं, पडद्याची टीप आक्का इथेच बसून घालायची, आई झोपली की धावत यायची. ज्या वस्तीत बाळ्या जन्मला, वाढला, टक्कल पडेपर्यंत राहिला, तिथे त्याची बहीण इतकी हिंडली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. हे सगळं तो वर येऊन सांगायचा. आक्का ऐकायची आणि म्हणायची, "पट्टी दाखव."

पट्टी निळी यायची. "नाही. पुन्हा." मग हिरवट यायची. "नाही. पुन्हा." एकदा बरीच जवळ आली, तर माती जळल्यासारखी वाटत होती. "नाही." बाळ्याच्या नखांत नीळ गेली ती निघेना, चुन्यानं बोटं फाटली. घरी भावजय फणफणायची, की रविवारचे कुठे उलथता? पहिल्या काही वेळा बाळ्या गप्प बसला. मग एकदा म्हणाला म्हणे, "आक्काची भिंत रंगवायला. तिची खोली आपण घेतली ना, म्हणून." छत्रीवाल्याच्या बायकोनं कुठूनसं ऐकून हे आक्काला सांगितलं. आक्का म्हणाली, "उशीर झाला," आणि चादर झटकायला लागली. पण ती चादर बराच वेळ झटकत होती.

पावसाळा सरला. खिडकीत वाळत घातलेल्या पट्ट्यांची माळच झाली होती. एका रविवारी दुपारी बाळ्यानं नवी पट्टी उन्हात धरली, वाळू दिली, मग काही न बोलता खाटेवर पोपड्याशेजारी ठेवली. आक्का वाकली. पारवा, आणि त्यात जराशी ऊब. पट्टी कुठे संपते आणि पोपडा कुठे सुरू होतो, ते तिला दिसेना. तिनं पट्टीवरून बोट फिरवलं. बोटाला रंग लागला. आईची बोटं. थोडा वेळ ती पाठमोरी होऊन खिडकीबाहेर बघत राहिली. खाली छत्रीवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता.

मग ती वळली. बाळ्या पट्टीकडे बघत होता. त्यालाही डोळे होते.

"फिका आलाय," आक्का म्हणाली. "पुन्हा कर."

बाळ्यानं एकदा पोपड्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. मग बादली उचलली आणि जिना उतरायला लागला.